महिकावतीच्या बखरीची प्रस्तावना व उत्तर कोंकणचे मूळ रहिवासी

कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं ‘महिकावतीची बखर’ संपादून १९२४ सालीं प्रसिद्ध केली, तिला आतां शंभरांहून अधिक वर्षें झालीं. ह्या अवधींत बखरीच्या मूळ संहितेपेक्षां तिच्या आरंभीं जोडलेली विस्तृत प्रस्तावनाच अधिक वाचली गेली आणि अधिक वादास कारण झाली. उत्तर कोंकणाविषयीं मराठींत लिहिणारा अभ्यासक बहुधा बखरीच्या ओंव्यांशीं झटापट न करितां प्रस्तावनेवरच विसंबतो, असा आमचा अनुभव आहे. जो ग्रंथ सर्वांच्या हातीं असतो त्यांतील सिद्धान्त हळूहळू विचार न करितां मान्य होत जातात. म्हणून अशा ग्रंथाचें परीक्षण शंभर वर्षांनीं पुन्हां करण्यांत औचित्य आहे. बखरींतील राजवंश, शक अथवा बिंबाचें मूळ स्थान ह्यांविषयीं आम्हांस येथें कांहीं म्हणावयाचें नाहीं. उत्तर कोंकणचे मूळ रहिवासी म्हणून वारली, कातवडी, ठाकर, कोळी इत्यादि लोकांचा जो विचार प्रस्तावनेंत आला आहे तेवढाच भाग आम्ही घेतों. त्या लोकांचे वंशज आज पालघर, ठाणें, रायगड व नाशिक ह्या जिल्ह्यांत नांदत आहेत, आणि त्यांच्या जमिनीचा व रानाचा प्रश्न आजहि कचेऱ्यांतून व न्यायालयांतून चालू आहे. त्यामुळें ह्या भागाचें परीक्षण केवळ पांडित्याचें राहत नाहीं.

प्रथम राजवाडे यांच्या पदरीं त्यांचें श्रेय घातलें पाहिजे. इतिहासाचें साधन म्हणजे राजकारणाचें पत्र, असा समज त्या काळीं दृढ होता, आणि तो दृढ होण्यास त्यांच्याच बावीस खंडांचें तेज कारण झालें होतें. असा गृहस्थ कोंकणचा इतिहास सांगावयास बसतो आणि राजांच्या आधीं रानांतल्या लोकांपासून आरंभ करितो, ही गोष्ट लहान नव्हे. त्यांच्यापूर्वीं ह्या जातींविषयीं जें लिहिलें गेलें तें बहुतेक इंग्रज अधिकाऱ्यांनीं व पाद्र्यांनीं. कॅप्टन मॅकिंतॉश यांनीं महादेव कोळ्यांचा वृत्तान्त एकोणिसाव्या शतकाच्या चवथ्या दशकांत लिहिला. तो कोळ्यांचीं बंडें मोडण्याच्या कामगिरींतून निघाला. डॉ. जॉन विल्सन यांचें १८७६ चें पुस्तक मिशनच्या कामांतून आलें. गॅझेटियरें महसूल व बंदोबस्त ह्यांच्या सोयीसाठीं झालीं. ह्या लोकांस देशाच्या इतिहासाचा पहिला थर मानून मराठी वाचकापुढें मराठींत मांडण्याचें काम राजवाडे यांनीं केलें, आणि ‘रानटी’ हा शब्द तेव्हां सर्रास चालत असतांहि त्या थराकडे तुच्छतेनें न पाहतां जिज्ञासेनें पाहिलें. परीक्षण करावयाचें तें ह्या जिज्ञासेनें पुढें कोणती वाट धरली त्याचें.

‘वारली’ हें नांव राजवाडे यांनीं कात्यायनाच्या एका वार्तिकाशीं जोडिलें आहे. पाणिनीच्या चवथ्या अध्यायाच्या पहिल्या पादांत सुधातृ शब्दाविषयींचें सूत्र आहे (४.१.९७), त्यावरील हें वार्तिक. अपत्यार्थीं इञ् प्रत्यय लागतांना कांहीं शब्दांच्या अन्त्य वर्णाच्या जागीं अकङ् आदेश होतो. सुधातृपासून जसें सौधातकि, तसें व्यास, वरुड, निषाद, चण्डाल व बिम्ब ह्यांपासून वैयासकि, वारुडकि, नैषादकि, चाण्डालकि व बैम्बकि अशीं रूपें सिद्ध होतात, एवढेंच त्यांत सांगितलें आहे. निषाद व चण्डाल ह्यांच्या शेजारीं वरुड आला, म्हणून वरुड ही एक अरण्यवासी जात. वारुडकि शब्दांतील ड चा ल होऊन व क चा लोप होऊन वारुलइ, आणि त्यापासून वारली. अर्थात् वारली लोक कात्यायनास ठाऊक होते, असा हा ओघ आहे. वाचतांना तो मोठा मोहक वाटतो, आणि पुढील कित्येक लेखकांनीं तो जसाच्या तसा उतरून घेतला आहे.

आमची पहिली शंका वार्तिकाच्या स्वरूपाविषयीं आहे. वार्तिककारानें हे शब्द एकत्र आणिले ते त्यांची व्याकरणांतील वागणूक सारखी म्हणून. त्या लोकांची समाजांतील वागणूक सारखी म्हणून नव्हे. निषादाच्या सान्निध्यानें वरुड रानांत जात असेल, तर व्यासाच्या सान्निध्यानें तो ऋषींच्या आश्रमांत कां जात नाहीं, हें सांगितलें पाहिजे. बिम्ब शब्दहि त्याच मालिकेंत बसला आहे. ह्या न्यायानें बखरींतील बिंबराजाचें कूळ कात्यायनाच्या काळीं नेऊन बसवितां येईल, परंतु तसें कोणी करणार नाहीं. दुसरी शंका अर्थाची. स्मृतिग्रंथांत सात अन्त्यजांची जी प्रसिद्ध गणना आहे तींत बुरुड व भिल्ल हे दोन वेगळे सांगितले आहेत. वरुड शब्दाचा सरळ वारस शोधावयाचा तर तो वेळू चिरणारा बुरुड होय. तो गांवांत राहतो, सुपें-टोपल्या विणतो, आणि वारल्याशीं त्याचा कांहींएक संबंध नाहीं. तिसरी शंका वर्णविकाराची. दोन स्वरांमधील ड मराठींत ळ होतो: गुडाचा गूळ, तडागाचें तळें, षोडशचे सोळा. तेव्हां वारुडकीपासून वारुळी अथवा वारळी व्हावें. उत्तर कोंकणच्या बोलींत ळ चा उच्चार ल सारखा करण्याची संवय आहे, असा ह्यावर बचाव करितां येईल, आणि तो आम्ही अगदींच टाकाऊ मानीत नाहीं. परंतु जी व्युत्पत्ति एका बाजूनें पाणिनीवर व दुसऱ्या बाजूनें बोलीच्या संवयीवर उभी राहते, तिला पुरावा म्हणण्यापेक्षां कल्पना म्हणणें बरें.

‘वरल’ म्हणजे लागवडीचा लहानसा तुकडा, त्यावरून वारली, असें कांहीं इंग्रजी ग्रंथकार सांगतात. सप्तकोंकणांतील ‘वरलाट’ प्रांताशींहि हें नांव जोडलें गेलें आहे. पहिला पक्ष निदान त्या लोकांच्या हातांतल्या कामाशीं जुळतो. कातवडी शब्दांत कृत्ति म्हणजे कातडें पाहणारे आणि खैराचा कात पाहणारे, असेहि दोन पक्ष आहेत. खैराचीं लांकडें उकळून कात काढण्याचें काम हे लोक करीत आले, हें सर्वश्रुत आहे. ‘कातकरी’ हें दुसरें नांवहि तेंच सांगतें. असें असतां कृत्तीपर्यंत धांव घेण्याचें प्रयोजन काय? संस्कृत मूळ सांपडलें म्हणजे जातीस प्रतिष्ठा येते, अशी समजूत ह्याच्या मुळाशीं असावी असें आम्हांस वाटतें. जन्मभर संस्कृत शिकविण्यांत गेल्यामुळें ह्या मोहाचा जोर आम्हांस चांगला ठाऊक आहे. परंतु वारली येथले जुने रहिवासी आहेत हें सिद्ध होण्यास वार्तिक नको. त्यांच्या पाड्यांचीं, डोंगरांचीं व दैवतांचीं नांवें पुरेशीं आहेत. ग्रामनामांचें महत्त्व ओळखून त्यांतून वसाहतींचा इतिहास काढण्याची दृष्टि मराठींत ज्यांनीं दिली ते राजवाडेच होत. येथें त्यांनीं आपलें स्वतःचें शस्त्र म्यानांत ठेवून पाणिनीचें उसनें घेतलें.

व्युत्पत्तीवर आम्ही इतका वेळ घालविला, कारण तिचा परिणाम केवळ शब्दापुरता राहिला नाहीं. कात्यायनाच्या काळीं ज्याचें दर्शन घडविलें तो वारली प्रस्तावनेंत मूळ म्हणून येतो, आणि मग बिंब, यादव, मुसलमान, पोर्तुगीज हे एकामागून एक प्रवेश करूं लागले कीं इतिहासाच्या रंगभूमीवरून निघून जातो. त्याला प्राचीनत्व मिळालें, पण इतिहास मिळाला नाहीं. जणूं मूळ म्हणजे जमिनीखालीं राहावयाची वस्तु! वर जें वाढलें तें सर्व दुसऱ्यांचें.

बखरीचें स्वरूप पाहिलें म्हणजे हें कसें घडलें तें कळतें. ही बखर एका हातची नाहीं. तींत सहा प्रकरणें असून त्यांचे लेखनकाळ वेगवेगळे आहेत. सर्वांत जुना भाग केशवाचार्यांचा, शके १३७० चा, म्हणजे इ. स. १४४८ चा. ‘महाराष्ट्रधर्म’ हा शब्द त्यांत येतो म्हणून ह्या बखरीचें नांव गाजलें. परंतु तिचा खरा व्यवहार कुळांचा आहे. बिंबाबरोबर कोण आले, कोणतें कूळ कोठें बसलें, कोणास कोणतें गांव मिळालें, कोणाचा मान कोणाच्या आधीं, हें तींत मांडलें आहे. अशी बखर म्हणजे एक प्रकारचा हक्काचा कागदच होय. येणाऱ्यांनीं आपल्या येण्याचा लेख ठेवला. जे आधींच होते त्यांस तसा लेख ठेवण्याचें कारणहि नव्हतें आणि साधनहि नव्हतें. प्रतापबिंबानें कुळें आणून प्रान्त वसविला, असें आपण सहज लिहून जातों. ‘वसविणें’ ह्या क्रियापदाला दोन कर्में असावयास पाहिजेत, एक ज्यांस वसविलें तें व दुसरें ज्यावर वसविलें तें. बखर पहिलें सांगते. दुसरें सांगत नाहीं. संपादकानें तें विचारावयास पाहिजे होतें.

दुसऱ्या कर्माची आठवण जव्हारच्या दंतकथेंत राहिली आहे. ही कथा गॅझेटियरांत छापली आहे, आणि जुन्या साधनांच्या संग्राहकांनीं ती बाष्कळ म्हणून बाजूस सारिली आहे. जव्हारचा मुलूख पूर्वीं एका वारली नायकाकडे होता. पहिल्या कोळी राजानें त्याजजवळ एका बैलाच्या कातड्यांत मावेल एवढीच जमीन मागितली. ती मिळतांच कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्यांनीं सारा मुलूख वेढला. आतां कार्थेज नगरी वसविणाऱ्या राणीविषयीं हीच कथा सांगितली जाते, आणि भटकी कथा म्हणून तिचें ऐतिहासिक मूल्य शून्य, असा निवाडा आपल्या पद्धतीप्रमाणें ताबडतोब देतां येतो. कातड्याच्या वाद्या भटक्या असतील. परंतु जमीन कोणाकडून गेली, हें कथेला कोणी सांगितलें? राज्य कोळ्यांचें, दरबार कोळ्यांचा, गॅझेटियरासाठीं माहिती घेतली गेली तीहि त्याच मुलुखांत. असें असतां आमच्या आधीं येथें वारली होता व त्याची जमीन मोजणीच्या चलाखीनें गेली, ही कबुली टिकून राहिली. राज्यकर्त्याच्या विरुद्ध जाणारी आठवण त्याच्याच अमलांत टिकते तेव्हां ती तपासून पाहण्यासारखी असते, हा नियम आपण बखरींस लावितों. दंतकथांस कां लावूं नये?

जव्हारच्या ह्या राजघराण्याचा इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे. जयबा मुकणे यांचा पुत्र नेमशाह यास दिल्लीच्या सुलतानाकडून राजा हा किताब ५ जून १३४३ रोजीं मिळाला, आणि त्या दिवसापासून जव्हारचा स्वतंत्र शक चालू होऊन तो संस्थानच्या कागदांत वापरला गेला, असें गॅझेटियर सांगतें. संस्थान १९४८ सालीं मुंबई प्रान्तांत विलीन झालें. ज्या जमातीस केवळ जंगलांतील म्हणून ओळखण्याचा परिपाठ आहे तिच्या घराण्यानें सहाशें वर्षें राज्य केलें व स्वतःचा शक चालविला, ही बाब आमच्या शककर्त्यांच्या याद्यांत क्वचितच दिसते.

प्रस्तावनेंतील दुसरा सिद्धान्त ह्याहून अधिक गाजला. राज्यें आलीं, गेलीं. कोंकणच्या गांवढ्या लोकांस त्याचें सुखदुःख नव्हतें, कारण अन्न मुबलक होतें आणि सरकार म्हणजे वरून येऊन लुटणारी एक परकी टोळी, एवढीच त्यांची समजूत होती. अशा आशयाची उपपत्ति राजवाडे यांनीं मांडली. गांवांतल्या कुळवाड्यांविषयीं ती कितपत खरी आहे ह्याचा वाद येथें नको. डोंगरांतल्या लोकांविषयीं ती खरी नाहीं. त्यांचें अन्न कधींच मुबलक नव्हतें. राब जाळून केलेली नाचणी-वरई सरली कीं कंद आणि मोहाचीं फुलें. आणि ते उदासीन तर मुळींच नव्हते. राघोजी भांगरे यांस ठाण्याच्या तुरुंगांत २ मे १८४८ रोजीं फांशी दिली गेली. घाटांच्या वाटा व किल्ल्यांचीं मेटें राखणाऱ्या महादेव कोळ्यांचीं वतनें व कामें इंग्रजी अमलांत गेलीं आणि सावकाराचा पाश आंवळला, ह्याचा तो उठाव. कागदांत ह्या सर्वांचें नांव ‘बंड’ असें एकच आहे. ‘बंड’ हा शब्द दिसला कीं तो कोणाच्या लेखणीचा आहे हें विचारल्याशिवाय पुढें जाऊं नये, इतकी तरी खबरदारी संपादकानें घ्यावी.

वेठ शब्दाचें असेंच आहे. हा आपल्या ताम्रपटांतील विष्टि होय. वाकाटकांच्या दानपत्रांत दिलेलें गांव सर्व विष्टींतून मुक्त केल्याचें सांगितलेलें असतें, आणि आपण तें वाचून करपद्धतीच्या कोष्टकांत एक सदर वाढवितों. ज्यांस ती मुक्तता मिळाली नाहीं त्यांच्याकडे पाहावयाचें राहून जातें. डहाणू व तेव्हांचा उंबरगांव ह्या तालुक्यांत हा विष्टि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जिवंत होता. लग्नासाठीं सावकाराचे थोडे रुपये घेतले कीं नवरा-बायको दोघेंहि त्याच्या घरीं राबावयास बांधलीं जात. अशा माणसास ‘लग्नगडी’ म्हणत. सायमिंग्टन नांवाच्या सनदी अधिकाऱ्यानें १९३८ च्या सुमारास सरकारला दिलेल्या अहवालांत हें सर्व नमूद आहे. मे १९४५ मध्यें झरी गांवीं वारल्यांची मोठी सभा भरली आणि वेठ न करण्याचा निश्चय झाला. त्याच वर्षीं १० ऑक्टोबर रोजीं तलवाडा येथें जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनीं गोळीबार केला व पांच जण ठार झाले. ह्या चळवळींत किसान सभेच्या वतीनें शामराव व गोदावरी परुळेकर हीं पतिपत्नी अग्रभागीं होतीं. गोदावरीबाईंचें ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हें पुस्तक १९७० सालीं निघालें. तें एका पक्षाचें पुस्तक आहे म्हणून इतिहासाच्या साधनांत धरीत नाहींत, असें आम्हीं विद्वानांच्या तोंडून ऐकिलें आहे. केशवाचार्य काय निःपक्षपाती होते? बखर जशी तोलून वापरितों तसेंच हेंहि तोलून वापरावें. प्रसंग प्रत्यक्ष पाहणाऱ्याच्या हातचें आणि तारीखवार, असें साधन आपल्या बखरींत किती आहे?

ह्या लोकांनीं देशाच्या संस्कृतींत काय घातलें, हा प्रश्न प्रस्तावनेनें विचारलाच नाहीं. मूळाकडून फळाची अपेक्षा तिनें ठेवली नसावी. आमच्या वाचकांपैकीं पोथ्या जमविणारे बरेच आहेत, म्हणून पोथीशीं भिडणारें एकच उदाहरण देतों. सोमेश्वराच्या मानसोल्लासांत धवल नांवाचा गानप्रकार विवाहप्रसंगीं गावयाचा म्हणून सांगितला आहे. महानुभाव पंथाच्या महदंबेनें तेराव्या शतकांत रचलेले धवळे हे त्याच जातीचे, आणि मराठींतील आद्य कवयित्री म्हणून तिचा मान त्यांवरच उभा आहे. धवळ्यांच्या पोथ्या आपण जपतों, पाठभेद नोंदवितों. परंतु धवळा गातात कसा, केव्हां, कोण, हें पोथी सांगत नाहीं. वारल्यांच्या लग्नांत हें अद्यापि पाहावयास मिळतें. तेथें लग्न लाविते ती धवलेरी. ती स्त्री असते. भिंतीवर तांदुळाच्या पिठानें चौक लिहिला जातो, त्यांत पालघट देवी बसते, आणि धवलेरी आपल्या गाण्यानें विधि पुरा करिते. तिच्या नांवांत धवल शब्द उघड दिसतो. पुरोहित स्त्री आणि मंत्राच्या जागीं धवळा, ही जोडी आमच्या गृह्यसूत्रांत नाहीं. महदंबेचे धवळे ज्या चालीरीतींतून वर आले त्यांचा जिवंत नमुना कोठें असेल तर तो येथें शोधावा, असें आम्हांस वाटतें. आणि महानुभावांच्या पोथ्यांचे अभ्यासक डहाणूस कां जात नाहींत ह्याचें नवल वाटतें. चौकाचें चित्र मात्र जगभर गेलें. जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनीं तें लग्नाच्या भिंतीवरून कागदावर व कापडावर आणिलें, २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली, आणि आज वारली चित्र नाहीं असें शहरांतलें दुकान सांपडणें कठीण. चित्राला मान मिळाला. ज्या गाण्याच्या आधारानें तें लिहिलें जातें तें गाणें उतरून घेणारे थोडे.

आतां पुराव्याच्या प्रश्नाकडे येतों. ह्या लेखाचें प्रयोजन तोच आहे. ज्याचा कागद नाहीं त्याचा इतिहास नाहीं, हें सूत्र राजवाडे यांच्या शिष्यपरंपरेनें इतकें आत्मसात् केलें कीं तोंडी साक्ष म्हणजे गप्प, असें समीकरण होऊन बसलें. इकडे सरकारचा व्यवहार तसाच. रानांत राबणाऱ्याजवळ कागद नव्हता, म्हणून वनखात्याच्या दफ्तरीं तो अतिक्रमण करणारा ठरला. रायगड जिल्ह्यांतील दळीच्या जमिनी, म्हणजे डोंगरउतारावर राब करण्यासाठीं ठाकर-कातकऱ्यांकडे चालत आलेल्या जमिनी, ह्याच गुंत्यांत सांपडल्या. कातकऱ्यांच्या कित्येक वाड्या आजहि दुसऱ्याच्या नांवच्या जमिनीवर उभ्या आहेत. वर्षाचे सहा-आठ महिने वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाचें घर त्याच्या माघारीं कोणत्या आधारावर टिकणार? महाराष्ट्रांत कातकरी, कोलाम व माडिया गोंड ह्या तीन जमाती विशेष दुर्बल म्हणून सरकारनें मानिल्या आहेत.

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी ह्यांचे वनहक्क मान्य करणारा कायदा २००६ सालीं झाला, आणि त्याचे नियम १ जानेवारी २००८ रोजीं जाहीर झाले. त्यांतील तेरावा नियम पुराव्याचा आहे, आणि प्रत्येक इतिहाससंशोधकानें तो एकदां वाचावा अशी आमची शिफारस आहे. गॅझेटियर, खानेसुमारी, जमाबंदीचे अहवाल, नकाशे हीं त्यांत आहेत, हें अपेक्षितच. परंतु त्यांच्याच जोडीला विहिरी, स्मशानें व देवस्थानें ह्यांसारख्या जुन्या खुणा आहेत. जुन्या नोंदींतील माणसापर्यंत पोंचणारी वंशावळ आहे. रूढि-परंपरांची संशोधनसंस्थांनीं केलेली नोंद आहे. आणि दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांनीं सांगितलेली व लिहून घेतलेली हकीकतहि आहे. म्हणजे आपण जी साक्ष गप्प म्हणून टाकितों ती ह्या नियमानें प्रमाणांच्या पंक्तीस बसविली. कायदा आमच्या शास्त्राच्या पुढें गेला, असेंच म्हटलें पाहिजे.

अर्थात् कायद्यानें सर्व साधलें असें नव्हे. दाव्यांची छाननी ग्रामसभेची वनहक्क समिति, उपविभागीय समिति व जिल्हा समिति अशा तीन पायऱ्यांनीं होते, आणि वरच्या पायऱ्यांवर पुन्हां कागदाचीच मागणी होते, अशी तक्रार सर्वत्र आहे. मार्च २०१८ मध्यें नाशिकहून मुंबईस सुमारें १८० किलोमीटर चालत जे हजारों शेतकरी आले त्यांत बहुसंख्य आदिवासी होते, आणि वनजमिनीचे दावे निकालांत काढावे ही त्यांची मुख्य मागणी होती. पुढल्याच वर्षीं, १३ फेब्रुवारी २०१९ रोजीं, ज्यांचे दावे नाकारले गेले त्यांस रानांतून काढावें असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें दिला. २८ फेब्रुवारीस त्याच न्यायालयानें त्यास स्थगिती दिली. नाकारलेल्या दाव्यांत पुराव्याअभावीं नाकारलेले किती व पुरावा न पाहतां नाकारलेले किती, हा त्या वादांतला कळीचा मुद्दा होता.

येथें आमच्या वाचकांचा संबंध येतो. ह्याच तेराव्या नियमांत पूर्वींचीं संस्थानें, प्रान्तिक सरकारें व इतर मध्यस्थ ह्यांच्या दफ्तरांतील हक्क, सवलती व मेहेरबानीच्या नोंदी पुरावा म्हणून सांगितल्या आहेत, आणि मूळ कायद्यानेंहि संस्थानी व जमीनदारी अमलांतील सामूहिक वहिवाटी, त्यांस नांव कोणतेंहि असो, हक्क म्हणून मानिल्या आहेत. असे कागद कोठें आहेत? कांहीं सरकारी पुराभिलेखागारांत आहेत. बाकीचे खोतांच्या, इनामदारांच्या व सावकारांच्या घरच्या रुमालांत, आणि तेथून निघून आमच्यासारख्या संग्राहकांच्या कपाटांत आले आहेत. रुमाल सोडला कीं आपण काय करितों, हें सर्वांस ठाऊक आहे. एखाद्या पेशव्याचें वा सरदाराचें नांव आलें कीं तें पत्र वेगळें निघतें, त्याची नक्कल होते, टीप लागते. गवतचराईची पावती, राबाची परवानगी, सरपणाच्या मोळ्यांचा हिशेब, अमक्या पाड्याच्या नायकाकडून कोंबडी व मध आल्याची नोंद, हें सर्व ‘किरकोळ’ ह्या शीर्षकाखालीं एका गठ्ठ्यांत जातें. यादी छापली तर त्या गठ्ठ्यास एक ओळ मिळते. अनेक संग्रहांत आम्हीं हे गठ्ठे पाहिले आहेत. कांहीं ठिकाणीं वाळवीनें त्यांचा निकाल आधींच लाविला होता, कारण चांगल्या कपाटाची जागा चांगल्या पत्रांस दिलेली होती. आज एखाद्या पाड्याच्या सामूहिक वनहक्काचा दावा अशा एका पावतीनें उभा राहूं शकतो. पानिपतावरील आणखी एका पत्रानें पानिपताचा निकाल बदलावयाचा नाहीं.

बखरीची नवी आवृत्ति कोणी काढणार असेल तर प्रस्तावना जशीच्या तशी ठेवावी. ती राजवाडे यांची आहे व वाचनीय आहे. परंतु तिच्यामागें एक परिशिष्ट जोडावें, आणि त्यांत बखरींत आलेल्या गांवांच्या शिवारांतील आजचे पाडे, तेथील देवस्थानें, स्मशानें व जुन्या विहिरी ह्यांची नोंद तेथील वृद्धांस विचारून करावी. हें काम केल्यावांचून ‘वसविणें’ ह्या क्रियापदाचें दुसरें कर्म मिळणार नाहीं. तोंवर ज्यांच्या संग्रहीं जव्हार संस्थानचे किंवा डहाणू, वाडा, शहापूर, कर्जत ह्या बाजूंच्या खासगी दफ्तरांतील कागद असतील त्यांनीं किरकोळ म्हणून बांधून ठेवलेले गठ्ठे आधीं सोडावे. नक्कल करितांना पाड्याचें नांव, नायकाचें नांव, सवलतीचें कारण व तिथि हीं चार सदरें अवश्य भरावीं, मोडीखालीं देवनागरी प्रत द्यावी, आणि त्या नकलेची एक प्रत संबंधित गांवच्या वनहक्क समितीकडे पाठवावी.